पेद्रीला झावी आणि इनिएस्टाच्या रांगेत बसवता येईल का?

तुमचा प्रश्न असा की बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा मिडफिल्डर पेद्री खरंच त्याच क्लबच्या झावी आणि इनिएस्टा या जुन्या दिग्गज मिडफिल्डरांच्या तोडीचा आहे, की हे नुसतं चाहत्यांचं प्रेम आहे. माझं मत स्पष्ट आहे. खेळाच्या समजेत तो त्यांच्या तोडीचा आहेच. कारकिर्दीत नाही, कारण ती अजून घडायची आहे.

मी इंदूरचा. आमचे आजोबा प्रत्येक नव्या सलामीवीराला मुश्ताक अलींच्या मापाने मोजायचे. १९३६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर काढलेल्या त्या ११२ धावा मी इतक्यांदा ऐकल्या होत्या की मुश्ताक अली कधी शून्यावर बाद झाले असतील, हे लहानपणी माझ्या मनातही येत नसे. झावी-इनिएस्टाबद्दल आपलं तसंच झालंय. २००९ ते २०१२ हा त्यांच्या बहराचा काळ सगळ्यांना पाठ आहे, २००६ कुणी काढत नाही. त्या वर्षी पॅरिसला आर्सेनलविरुद्ध चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची, फायनल झाली. २२ वर्षांचा इनिएस्टा पहिल्या अकरात नव्हता, मध्यंतरानंतर उतरला. २६ वर्षांचा झावी गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून नुकता उठलेला, तो सबंध सामना बाकावर बसून राहिला. युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, युरो २००८ मध्ये, झावी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पेद्रीचा जन्म नोव्हेंबर २००२ चा. २२ व्या वर्षी अख्ख्या संघाची लय त्याच्या पायाशी होती. वयाला वय लावून पाहिलं तर तो दोघांच्याही पुढे आहे.

आता खेळाकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते याबद्दल. अंगावर माणूस असताना चेंडू घ्यायचा, खांदा एकीकडे टाकून दुसरीकडे वळायचं आणि मागच्याला तिथेच उभं ठेवायचं, ही इनिएस्टाची कला. पेद्रीकडे ती जशीच्या तशी आहे आणि २०२२ पासून त्याच्या पाठीवर आकडाही इनिएस्टाचाच आहे, आठ. पण वळल्यानंतर तो जे करतो ते झावीचं. स्पॅनिश लोक त्याला 'पाउसा' म्हणतात. सगळे धावत असताना चेंडू अर्धा क्षण रोखायचा, म्हणजे समोरचा बचावपटू आपली जागा सोडतो आणि वाट उघडते. उस्ताद अमीर खां साहेब आमच्या इंदूरचे. त्यांची विलंबित लय ऐकलेल्याला हे थांबणं वेगळं समजवावं लागत नाही. घाई नाही, पण सम चुकत नाही.

गोल आणि असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) मोजून ही तुलना करणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. झावी आणि इनिएस्टाच्या मागे बचाव सांभाळायला बुस्केट्स उभा असे. पेद्री प्रशिक्षक हान्सी फ्लिकच्या संघात बहुतेक वेळा फ्रेंकी डी याँगच्या जोडीने खाली खेळतो, मागची बचावफळी मैदानाच्या मध्याजवळ चढलेली असते आणि चेंडू गेला तर तो हिसकावून आणण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. हे ओझं त्या दोघांवर इतकं कधी नव्हतं.

२६ एप्रिल २०२५ ची कोपा देल रे (स्पेनमधल्या क्लबांचा चषक) फायनल पाहा, रेआल माद्रिदविरुद्धची. आम्ही दोघं भाऊ सराफ्याच्या खाऊगल्लीतून परत येऊन रात्री दीडला टीव्हीसमोर बसलो होतो. पेद्रीने खालून उजवीकडे साथीदार यामालला लांब चेंडू दिला, स्वतः पुढे धावला आणि यामालने मागे दिलेला तोच चेंडू पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून थेट जाळ्यात मारला. सामना ३-२ असा संपला तेव्हा चार वाजून गेले होते. आम्ही त्या एका गोलबद्दलच बोलत राहिलो.

काळजी मला एकच आहे, त्याच्या शरीराची. २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक मिळून १८ वर्षांच्या त्या पोराला ७३ सामने खेळवले. पुढची तीन वर्षं मांडीच्या स्नायूने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. त्याचा मला आजही राग येतो. झावी बार्सिलोनासाठी ७६७ सामने खेळला, इनिएस्टा ६७४, आणि दोघांनी चार-चार चॅम्पियन्स लीग जिंकल्या. पेद्रीची २०२५ ची संधी सेमीफायनलला इंटर मिलानविरुद्ध दोन सामने मिळून ७-६ अशी हुकली. तुलना पूर्ण व्हायची तर याच आकड्यांवर होईल, आणि त्याला अजून दहा वर्षं तरी खेळावं लागेल.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या सामन्यात पहिली दहा मिनिटं चेंडूकडे पाहूच नका, फक्त आठ नंबरकडे पाहा. पास येण्याआधी आजूबाजूला पाहायला तो मान किती वेळा फिरवतो ते मोजा. मग २०११ ची मँचेस्टर युनायटेडविरुद्धची वेम्बलीची फायनल लावा आणि झावीची मान मोजा.