एकच व्हॉल्व्ह लाल का होतो?

प्रश्न : काका, माझ्या मामांनी अमेरिकेहून आणलेला साठच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ॲम्प बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. परवा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केला. व्हॉल्यूम शून्यावर असूनही मोठी घरघर, मागच्या दोन ६व्ही६ व्हॉल्व्हपैकी एकाची आतली प्लेट बघता बघता लालबुंद, आणि गिटारच्या तारांना हात लावला की झिणझिण्या. रिव्हर्बही, म्हणजे आवाजातला घुमाराही, येत नाही. मेकॅनिक म्हणतात, व्हॉल्व्हची नवी जोडी मागवा. मागवू का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आत्ता मुळीच नको. आणि ॲम्प पुन्हा चालूही करू नका.

व्हॉल्व्ह लाल होतो, कारण त्यातून गरजेपेक्षा फार जास्त करंट वाहतोय. त्या करंटला आवर घालतं ते ग्रिडवरचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीवरचं, उणे व्होल्टेज. त्यालाच बायस म्हणतात. तुमच्या ॲम्पमध्ये ते साधारण उणे ३५ व्होल्ट हवं. दोन्ही व्हॉल्व्ह लाल झाले असते तर मी थेट बायसचा सप्लाय तपासायला सांगितलं असतं. एकच होतोय, म्हणजे व्हॉल्व्ह स्वतः खराब आहे, किंवा सॉकेटची पिन सैल आहे, किंवा ग्रिडला सिग्नल आणून देणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गळतोय. माझा संशय कंडेन्सरवर. त्याने सिग्नल सोडायचा आणि आधीच्या टप्प्यातला डीसी अडवायचा. जुना झाला की तो थोडा थोडा डीसी पलीकडे जाऊ देतो, बायस खाल्ला जातो आणि व्हॉल्व्ह तापतो. अशा जागी महागडी नवी जोडी बसवलीत तर तिचंही तेच होईल.

खात्री करायला मीटर पुरे. दोन्ही ६व्ही६ काढून ठेवायचे, ॲम्प सिरीज बोर्डातून, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक बल्ब ओवलेल्या बोर्डातून, चालू करायचा, स्टँडबायचा स्विच वाजवण्याच्या बाजूला ठेवायचा आणि दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनेवर चासीच्या, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याच्या, संदर्भाने डीसी मोजायचा. बल्बमुळे आकडा ३५पेक्षा कमी येईल, त्याची काळजी नको; दोन्हीकडे सारखा आहे ना, तेवढं पाहायचं. एकीकडे उणे कमी दिसलं किंवा चक्क अधिक आलं, तर त्या बाजूचा कंडेन्सर बदला. दोन्हीकडे सारखं असेल तर व्हॉल्व्हवर संशय घ्यायला हरकत नाही.

सिरीज बोर्डाला १०० वॅटचा जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालत नाही. तो स्टेप-डाउनच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला येतो. होल्डर, सॉकेट सगळं महाराणी रोडवर मिळेल.

मात्र आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो सप्लायमधली लहर गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करायची रीत मला अजिबात मान्य नाही. इन्सुलेटेड क्लिपांना १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स जोडून काही सेकंद धरा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय हात घालू नका. हे काम आधी कधी केलं नसेल तर चासी उघडू नका. हे उत्तर घेऊन जाणकाराकडे जा.

आता घरघर. हिचं मूळही त्याच बिघाडात असू शकतं. दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात अशा पुश-पुल सर्किटमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह सारखा करंट घेत असले की सप्लायमधली लहर आपोआप कटते. एकाने जास्त ओढला की ती ऐकू येते. म्हणून आधी लाली घालवा, मग कान द्या. तरीही घुमत असेल तर गिटारच्या जाड ई तारेवर तिसरा पडदा दाबून वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्या अगदी जवळ असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकलेत. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची. मग व्हॉल्व्हच्या हीटरच्या वायरी आणि अर्थची जोडणी पाहायची.

झिणझिण्यांचं मी शेवटी लिहितोय, पण दुरुस्तीत पहिलं काम तेच. त्या काळच्या दोन पिनांच्या वायरीबरोबर मेन्स आणि चासीमध्ये एक कंडेन्सर असे. तो काढून टाका, तीन पिनांची वायर बसवा, अर्थ थेट चासीला घट्ट जोडा. स्टेप-डाउनमधूनही अर्थ पुढे जातोय ना, ते तपासा. त्यातून बाहेर किती व्होल्ट येतात तेही मोजा. घरात २४५ असले तर निम्मे म्हणजे १२२ मिळतात, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर आधीच जास्त तापतो. ११५च्या आसपास असलेलं बरं.

रिव्हर्बसाठी तळाशी असलेल्या स्प्रिंगच्या पेटीच्या दोन वायरी, ॲम्प बंद असताना, काढून, पिना पुसून पुन्हा लावा. आणि या मॉडेलमध्ये रिव्हर्ब फक्त व्हायब्रॅटो चॅनेलवर असतो. गिटार नॉर्मलमध्ये लावली नव्हती ना, तेही एकदा पाहा.