रोंगोरोंगो: ‘वाचली’ की ‘ओळखली’?

प्रश्न असा आहे: पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या (रापा नुई) रोंगोरोंगो चिन्हांतले ‘चांद्र पंचांग वाचले गेले’ असे लिहिलेले आढळते आणि लगेच पुढे ‘ही लिपी अजून उलगडलेली नाही’ असेही. दोन्ही कसे खरे असेल?

घोटाळा ‘वाचणे’ या क्रियापदाचा आहे. त्याच्या मुळाशी ‘वाच्’ म्हणजे बोलणे. वाचणे म्हणजे खुणांना वाचा देणे, आणि रोंगोरोंगोच्या बाबतीत ते कुणालाच जमलेले नाही. (गंमत म्हणजे आपल्याकडे ‘वाचणे’ म्हणजे जिवानिशी सुटणेही. तशा रोंगोरोंगो कोरलेल्या दोनेक डझन वस्तू वाचल्या. १८६२ पासून पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी बेटावरची माणसे पळवली, त्यात ही चिन्हे जाणणारे गेले.)

मग पंचांगाचे काय? ‘मामारी’ नावाच्या लाकडी फळीवर दोन-अडीच ओळींत चंद्रकोरीचे चिन्ह पुन्हापुन्हा येते. जर्मन अभ्यासक टॉमास बार्थेल यांनी १९५८ मध्ये हा भाग चांद्रमासाचा असल्याचे ओळखले. १९९० मध्ये भाषाशास्त्रज्ञ झाक गी यांनी त्याची बारकाईने फोड केली. कोरींच्या गटांआधी येणारा मासा एका पक्षात डोके वर करून आणि दुसऱ्या पक्षात खाली करून असतो, असे त्यांचे म्हणणे. बेटावरून टिपलेल्या रात्रींच्या नावांच्या याद्याही हाताशी होत्या, त्यांच्याशी गटांची मोजणी जुळवून पाहता आली.

आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर मराठीचे अक्षरही न येणाऱ्या परदेशी माणसाला दाखवा. पांढरे वर्तुळ, काळे वर्तुळ, मधले चौदा-पंधरा चौकोन मोजून तो पौर्णिमा-अमावास्या बिनचूक सांगेल. ‘संकष्टी’ मात्र त्याला वाचता येणार नाही. मामारीसमोर आपण तो माणूस आहोत. म्हणून ‘ओळखले’ किंवा ‘अर्थ लावला’ म्हणावे, ‘वाचले’ नव्हे.

‘पंचांग’ हा शब्दही मला इथे खटकतो. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे रापा नुईत कुठून आणणार? ‘चांद्र दिनदर्शिका’ त्यातल्या त्यात बरे, पण तिथे मोजतात त्या रात्री. ‘तिथी’ तर नकोच. आपली तिथी चंद्र-सूर्यातल्या बारा अंशांच्या अंतरावर ठरते, ती भर दुपारीही बदलते. एक साम्य मात्र मजेदार आहे. तिथल्या बऱ्याच रात्रींना ‘कोकोरे ताही’, ‘कोकोरे रुआ’ म्हणतात. ताही म्हणजे एक, रुआ म्हणजे दोन. आपल्या द्वितीया-तृतीयेसारखीच आकड्यांवरून पडलेली नावे, आणि आपल्या पौर्णिमेसारखेच पूर्णचंद्राच्या रात्रीला मात्र स्वतंत्र नाव: ओमोतोही.

तेव्हा माझ्यापुरते वाक्य असे: ‘मामारी फळीवरचा एक भाग चांद्रमासातल्या रात्रींची मोजणी असल्याचे ओळखले गेले आहे.’ लांबलचक आहे खरे, पण मथळ्यासाठी ‘ओळखली’ एवढे पुरते.