बार्थोलोम्यू ओगबेचे इतके क्लब का फिरला? कुठेच टिकला नाही, मग त्याला मोठा खेळाडू म्हणायचं का?

तुम्ही हे विचारलंत ते नायजेरियाच्या फुटबॉलपटू ओगबेचेबद्दल, आणि सोबत त्याच्या सोळा क्लबांची यादीही दिलीत. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे एखादा पोरगा या तालमीची (आमच्याकडचे फुटबॉल संघ तालमींच्या नावानं चालतात) जर्सी उतरवून त्या तालमीकडून खेळायला गेला, तर चौकात आठवडाभर दुसरा विषय नसतो. त्यामुळे ‘सोळा क्लब फिरला, पैसा दिसेल तिकडे गेला’ हा तुमच्या प्रश्नातला वैताग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. फक्त तो चुकीच्या माणसावर निघतोय.

यादी तुमची बरोबर आहे. पॅरिस सेंट जर्मेन, बास्तिया, मेत्स, अबुधाबीचा अल जझीरा, मग स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ, ग्रीसमध्ये कावाला, इंग्लंडात मिडल्सब्रो, पुन्हा स्पेनमध्ये हेरेझ, नेदरलँड्समध्ये कांबूर आणि विलेम टू, आणि शेवटी आपल्याकडे नॉर्थईस्ट युनायटेड, केरला ब्लास्टर्स, मुंबई सिटी, हैदराबाद. सात देश. पण यातले किती क्लब त्यानं आपणहून सोडले, हे या यादीतून कळत नाही.

कावालाचंच घ्या. २०११ मध्ये ग्रीसमध्ये सामने आधीच ठरवून खेळल्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. त्यात कावाला हा क्लबच पहिल्या श्रेणीतून खाली फेकला गेला. खेळाडूंनी काय करायचं? त्या ऑक्टोबरात ओगबेचे मिडल्सब्रोला दिसतो. ऑक्टोबर म्हणजे खेळाडू विकण्या-घेण्याची मुदत संपून गेलेली. त्या दिवसांत दुसऱ्या देशातून फक्त असाच माणूस घेता येतो ज्याच्या नावावर कुठलाच करार नाही. म्हणजे यादीत एका ओळीत दिसणारं ‘ग्रीस ते इंग्लंड’ हे खरं तर एका बेकार झालेल्या माणसाला मिळालेलं काम होतं. कांबूर २०१६ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. बास्तिया आणि मेत्सला तर पॅरिसनं त्याला उसना दिला होता. उसन्या खेळाडूला निष्ठा विचारायची म्हणजे शेजाऱ्याकडून आणलेल्या शिडीला ‘तू आमची का नाहीस’ असं विचारण्यासारखं आहे.

आता त्याची सुरुवात. जन्म १ ऑक्टोबर १९८४, नायजेरियाच्या क्रॉस रिव्हर राज्यातलं ओगोजा. मिसरूड फुटायच्या वयात तो पॅरिसला पोचला. तेव्हाच्या त्या संघात ब्राझीलचा रोनाल्डिन्यो होता, ओगबेचेच्याच देशाचा जे-जे ओकोचा होता, बचावाला अर्जेंटिनाचा मॉरिसियो पोचेटिनो होता. सरावाला रोज ही माणसं.

आणि मग २००२ चा विश्वचषक. त्या वर्षी आफ्रिकन नेशन्स कपनंतर नायजेरियाच्या फुटबॉल मंडळानं प्रशिक्षक बदलला. नवे प्रशिक्षक ओनिग्बिंडे यांनी संडे ओलिसे, फिनिदी जॉर्ज अशी मोठी नावं बाजूला केली आणि पोरांना संधी दिली. २ जून २००२, जपानमधलं काशिमा, समोर अर्जेंटिना. पहिल्या अकरात सतरा वर्षांचा ओगबेचे. त्याला अडवायला समोर कोण? पॅरिसमध्ये रोज सरावात भेटणारा पोचेटिनो. सामना बातिस्तुताच्या एकमेव गोलवर अर्जेंटिनानं जिंकला. पण अर्जेंटिनाही पुढे गेली नाही आणि नायजेरियाही नाही.

सतराव्या वर्षी ज्याच्या वाट्याला हे आलं, त्याच्याबद्दल सगळ्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं असतं: वीसला पॅरिसचा हुकमी खेळाडू, पंचविसाव्या वर्षी कुठल्यातरी बड्या क्लबात. ते झालं नाही. नायजेरियाकडून तो ११ सामने खेळला, ३ गोल केले, आणि तो रस्ता बंद झाला. स्पेनमधल्या दुसऱ्या श्रेणीत चिखल तुडवला. तुमच्या हिशेबात हे ‘अपयश’. मला विचाराल तर विशीत वर गेलेलं नाव तिशीत खाली येताना खेळत राहणं हेच अवघड असतं. बहुतेक जण तिथंच थांबतात, नाहीतर दुखापतीचं निमित्त सापडतं.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ‘पैसा दिसेल तिकडे’ हा गैरसमज तिथूनच येतो. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपात करार संपला की खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याला मागणी आहे त्याला याचा फायदा होतो: क्लब त्याला चार-पाच वर्षांचा करार देतात, म्हणजे तो फुकट निसटणार नाही आणि विकला तर पैसे येतील. ज्याला विकून फारसं काही मिळणार नाही, त्याला कोण कशाला बांधून ठेवेल? त्याला एक वर्ष, फार तर दोन. वर्ष संपलं की नवा प्रशिक्षक, त्याची स्वतःची माणसं, याची बॅग पुन्हा भरलेली. यात तिशी ओलांडलेला, युरोपच्या पासपोर्टशिवायचा पुढच्या फळीतला खेळाडू म्हणजे रांगेच्या शेवटचा माणूस.

आमच्या भागात एका संघानं काही वर्षांपूर्वी असाच एक नायजेरियन गडी आणला होता. संघाचं नाव घेत नाही, पुन्हा वाद नको. उंचापुरा, शांत. खोलीवर एक बॅग, दोन जोडी बूट आणि मोबाइलमध्ये स्वतःच्या गोलांची तीन मिनिटांची क्लिप. कुणीही भेटलं की तो आधी ती क्लिप दाखवायचा, नाव नंतर सांगायचा. मी त्याला वडापाव खाता खाता विचारलं होतं, आधी कुठं कुठं खेळलास? बोटं मोजायला लागला, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली, मग हसून वडापाव उचलला. हंगामाचे शेवटचे पैसे त्याला पूर्ण मिळाले नाहीत, असं नंतर ऐकलं. आणि आपण निष्ठेचा विषय काढायचा.

आता ओगबेचेचं भारतातलं. २०१८ मध्ये तो गुवाहाटीला, नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला तेव्हा चौतिशीत होता. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, नाव झालेला परदेशी खेळाडू उतारवयात आला की लोक म्हणतात, पेन्शन घ्यायला आला. ऑक्टोबरात चेन्नईत नॉर्थईस्टनं चेन्नईयिनला ४-३ हरवलं, त्यात याची हॅट्ट्रिक. त्या मोसमात १२ गोल, हा कर्णधार, आणि नॉर्थईस्ट पहिल्यांदाच बाद फेरीत. उपांत्य फेरीचा पहिला सामना गुवाहाटीत बेंगळुरूवर २-१ असा जिंकला, परतीच्या सामन्याला हा दुखापतीमुळे बाहेर, आणि नॉर्थईस्ट ३-० हरून घरी. पुढच्या वर्षी त्यांचे प्रशिक्षक एल्को शाटोरी केरलाला गेले, त्यांच्यामागे हाही गेला: १५ गोल. त्याला ‘गद्दारी’ म्हणायचं की ज्याला आपला खेळ कळतो त्या माणसाबरोबर जाणं म्हणायचं, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर गेलो असतो.

मग मुंबई सिटी. कोविडचं वर्ष, सगळे सामने गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, रिकाम्या गॅलऱ्या. १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना मी घरी बघत होतो. एटीके मोहन बागानविरुद्ध १-१. पहिला हाफ संपता संपता आपल्या अमेय रानवडेला डोक्याला जबर मार लागला आणि रुग्णवाहिका आत आली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. नव्वदावं मिनिट. मागून एक लांब चेंडू आला, बागानचा गोलरक्षक पुढे धावत आला आणि त्याच्याकडून तो नीट घेतला गेला नाही. ओगबेचे तिथं होता. आता नीट बघा, मी ती क्लिप वीसेक वेळा पाहिली असेल. छत्तीस वर्षांचा स्ट्रायकर, अंतिम सामना, गोलरक्षक जागेवर नाही. कुणालाही स्वतःच मारायचा मोह होईल. यानं मान वर केली, बिपिन सिंग दिसला, त्याला दिला. २-१. मुंबईचा पहिला चषक. त्या मोसमात त्याचे स्वतःचे गोल ८ च होते, पण मुंबईकरांना विचारा, त्याचं काय आठवतं. तो पासच.

पुढच्या मोसमात मैदानावर एका वेळी पाचाऐवजी चारच परदेशी खेळाडू असा नियम आला. जागा कमी झाल्या. मुंबईनं इगोर अंगुलोला घेतलं, जो ओगबेचेपेक्षा आठ महिन्यांनी मोठा! ओगबेचे हैदराबादला. तिथं १८ गोल, म्हणजे एफसी गोवा संघाच्या कोरो या खेळाडूनं एका मोसमात केलेल्या विक्रमी गोलांइतकेच, आणि सोबत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालला ४-० हरवलं त्यात तीन याचे. चौथा कुणाचा माहितीय? आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा. त्या रात्री आमच्या ग्रुपवर ओगबेचेपेक्षा अनिकेतचेच फोटो जास्त फिरले, हे कबूल करतो. मार्चमध्ये फातोर्ड्यात केरलाविरुद्ध अंतिम सामना १-१, पेनल्टीवर हैदराबाद चॅम्पियन. बरोबरीचा गोल साहिल तावोराचा, पेनल्टी अडवल्या लक्ष्मीकांत कट्टीमनीनं, दोघेही गोव्याचे. म्हणजे ओगबेचेला सलग दुसरा चषक, वेगळ्या रंगाच्या जर्सीत.

बेरीज करा: १२, १५, ८, १८ आणि शेवटच्या मोसमात १०. एकूण ६३. पाच मोसम, चार क्लब, वय चौतीस ते अडतीस. आयएसएलमध्ये तेव्हा एवढे गोल कुणाचेच नव्हते. पुढे सुनील छेत्रीनं तो आकडा ओलांडला. तर ‘मोठा खेळाडू म्हणायचं का’ याचं माझं उत्तर: पॅरिसच्या यादीत नाही, आपल्या यादीत नक्की.

‘आफ्रिकन खेळाडू कुठं टिकतच नाहीत’ असंही तुम्ही पुढे लिहिलंय. गोव्यात हे बोलू नका. रॅंटी मार्टिन्स, हाही नायजेरियाचाच, २००४ मध्ये देंपो या गोव्याच्या क्लबाकडे आला आणि २०१२ पर्यंत तिथंच होता. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, ३२ गोल. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या त्या देंपोनं याच काळात राष्ट्रीय विजेतेपदं पाच वेळा जिंकली. का टिकला? देंपोनं त्याला टिकवला म्हणून. जिथं प्रशिक्षक तोच, मालक तेच, पगार वेळेवर, तिथून कोण कशाला हलेल?

मुंबई सोडून गेल्याचा राग मला आला होता का, तर हो, आला होता. २७ नोव्हेंबर २०२१, मुंबई विरुद्ध हैदराबाद. सहाव्या मिनिटाला आपण १-० पुढे, मी चहा आणायला उठलो. परत येईपर्यंत बरोबरी, आणि मी खाली बसतोय तोवर ओगबेचेनं दुसरा मारला. सामना ३-१ नं गेला. आईनं आतून विचारलं, कोणी घातला? मी म्हटलं, आपलाच होता गं, गेल्या वर्षीपर्यंत.