३५ हजारांत पीसी: तुमच्या यादीतल्या दोन वस्तू एकमेकींशी जुळत नाहीत

तुमची यादी अशी: आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० डीडीआर४ मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), १६ जीबी डीडीआर५ रॅमची एक काडी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि एसएमपीएससकट (वीज पुरवणाऱ्या डब्यासकट) कॅबिनेट. मॉनिटर घरात जुना आहे, ग्राफिक्स कार्ड 'पुढे बघू'. काम कोडिंगचं, अधूनमधून हलकेफुलके गेम.

हे सगळं जसंच्या तसं मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून उचलून आणलंत तर पीसी चालू होणार नाही. रॅमच बसणार नाही, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, आणि त्यांच्या काडीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. जोर लावू नका, स्लॉट तुटेल. एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून खोक्यावर 'डी४' लिहिलंय की 'डी५' हे पैसे देण्याआधी बघायचं.

आता ते शेवटचं 'एफ'. इंटेलच्या नंबरामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, नसतं. कार्ड घेणार नसाल तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच. एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून प्रत्येक स्वस्त यादीत तो घुसतोच.

तुमच्या जागी मी असतो तर रायझन ५ ५६००जी घेतला असता. सहा कोअर, ६५ वॉट, आणि आतलं ग्राफिक्स तुमच्या गेमपुरतं पुरेसं. सोबत एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बी५५० किंवा ए५२० बोर्ड. बी४५० स्वस्तात मिळाला तर बायोस (बोर्डातलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलेलं आहे का ते विचारा, नाहीतर ५००० सिरीजचा प्रोसेसर तो ओळखणारच नाही. एएम४ ला रॅम डीडीआर४ च लागते, तीही ८-८ च्या दोन काड्या घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे एका काडीवर गेम अडखळतात. इंटेलच हवा असेल तर आय३-१२१००, एफशिवायचा, आणि तुमचा तोच डीडीआर४ बोर्ड.

मॉनिटर जुना म्हणताय, मागे फक्त निळा व्हीजीए (केबल जोडायचा जुना पोर्ट) असेल तर बोर्डलाही व्हीजीए बघून घ्या. बऱ्याच स्वस्त बोर्डांना तो अजून असतो.

कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा एसएमपीएस मात्र मी कुणालाच घेऊ देत नाही. बाहेर ठसठशीत '४५० वॉट' छापलेलं असतं. बाजूचं लेबल वाचा: +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि उद्याचं ग्राफिक्स कार्ड यांना वीज मुख्यतः तिथूनच जाते. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) खरा ४५० वॉट घ्या. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं चालेल, काचेशिवाय कुणाचं काही अडत नाही. एसएसडी नंतर मोठी करता येते.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. दोन-तीन दुकानांतून एकाच यादीचं कोटेशन लिहून घ्या. 'हा बोर्ड नाही, पण सेम टू सेम दुसरा आहे' असं म्हणाले की मॉडेल नंबर फोनवर शोधा, सॉकेट आणि रॅमचा प्रकार जुळवा, मगच हो म्हणा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. ट्रे म्हणून सुटा मिळतो त्यात पंखा नसतो आणि वॉरंटीची बोंब असते. 'बिल नको असेल तर कमी करतो' याला भुलू नका. सीरियल नंबर घातलेलं जीएसटी बिल घ्या.

जोडणी दुकानातच करून घ्या आणि निघण्याआधी बायोस उघडून दाखवायला सांगा. प्रोसेसरचं नाव, १६ जीबी रॅम आणि एसएसडी तिथे दिसली की मगच उरलेले पैसे द्या.