खरेदी-आदेशावरची तारीख कोण ठरवतो?

प्रश्न : मी तयार कपड्यांच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. आमचा माल बाहेरच्या कारखान्यांतून शिवून येतो. त्यांपैकी एका कारखान्यात कामगारांना रात्री उशिरापर्यंत थांबवून घेतात आणि जादा कामाचे पैसे देत नाहीत, असे मला कळले आहे. वरिष्ठ म्हणतात, ते कामगार आपले नव्हेत. कारखान्याकडे तपासणीचे प्रमाणपत्र आहे. शिवाय आपली कंपनी समाजकार्याला मोठी देणगी देते. मग आमची जबाबदारी सुरू होते तरी कोठून?

उत्तर : देणगीचा मुद्दा आधी निकाली काढू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी उद्योग आणि मानवी हक्क यांविषयी तयार केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. हक्कांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य, हक्कांचा आदर राखणे ही उद्योगांची जबाबदारी आणि ज्यांची हानी झाली त्यांना दाद मिळणे, या तीन गोष्टींवर ती उभी आहेत. एका ठिकाणी केलेल्या चांगल्या कामामुळे दुसरीकडे झालेल्या हक्कभंगाची भरपाई होत नाही, हे त्यांच्या विवरणात स्पष्ट केलेले आहे.

‘ते कामगार आपले नव्हेत’ हे उत्तरही तेथे टिकत नाही. कंपनीने स्वतः केलेली हानी, तिने हातभार लावलेली हानी आणि व्यावसायिक संबंधातून तिच्या मालाशी थेट जोडली गेलेली हानी, या तिन्हींचा विचार ही तत्त्वे करतात. आपल्या बाबतीत मधला प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून आपण त्या कारखान्याच्या फायलीआधी स्वतःच्या विभागाची फाईल उघडावी, अशी माझी विनंती आहे. नमुना मंजूर झाल्यानंतर कापड किंवा बटणे बदलण्याचा निरोप किती वेळा गेला आणि त्या प्रत्येक वेळी माल पोहोचवण्याची तारीख पुढे सरकली का, दर वाढला का, हे पाहावे. एक नग शिवायला लागणारी मिनिटे, एकूण नग आणि मशीनवर बसणारी माणसे यांचा साधा हिशेब मांडला, तर दिवसपाळीत ते काम उरकणे शक्य होते की नाही, हे कागदावरच दिसेल. शक्य नसेल, तर कामगारांच्या त्या रात्री आपल्या कार्यालयात ठरल्या होत्या.

प्रमाणपत्राविषयी. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मरण पावली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. आणि अवघ्या काही आठवड्यांपूर्वी त्याच कारखान्याला एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. पुढच्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक जीव गेले. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. त्याच इमारतीतील बँकेने आपले कर्मचारी येऊ दिले नाहीत, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तडे त्या कामगारांनीही पाहिले होते. त्यांच्या सांगण्यावरून काम थांबेल, अशी सोय नव्हती. तपासनीस एखादा दिवस येतो आणि जातो, म्हणून कामगारांशी कारखान्याच्या आवाराबाहेर, त्यांच्या संघटनेमार्फत बोलल्याशिवाय खरी माहिती हाती लागणार नाही.

यावर ‘कंत्राटच रद्द करू’ असे कोणी सुचवले, तर आपण विरोध करावा, असे मला मनापासून वाटते. तसे केल्यास थकलेले पैसे बुडतील आणि कामही जाईल. आधी आपल्या ऑर्डरच्या जोरावर कारखान्याला सुधारणा करायला लावावी. त्यासाठी तारखा आणि दर बदलावे लागले तर ते बदलावेत. थकबाकी चुकती करण्यात आपल्या कंपनीनेही, तिचा हातभार असेल त्या प्रमाणात, वाटा उचलणे या तत्त्वांना धरूनच होईल. संबंध तोडणे हा अगदी शेवटचा मार्ग आहे, आणि तेव्हाही त्याचा फटका कामगारांना किती बसेल, हे आधी पाहावे लागते.

वरिष्ठांना हे सारे लेखी कळवावे व सोबत तारखा आणि नगांचा हिशेब जोडावा. ज्या कामगाराकडून आपल्याला ही माहिती मिळाली, त्याचे नाव, त्याची पाळी किंवा तो कोणत्या मशीनवर बसतो, यांतले काहीही त्या पत्रात येऊ देऊ नये.