शेवटच्या लॅपला मांड्या भरतात, म्हणून लगेच 'स्टॅमिना कमी' म्हणू नका

ताई, तुमचा मुलगा तेरा वर्षांचा, इनलाइन (एका रांगेत चाकं असलेल्या) स्केट्सवर शर्यती खेळतो. ५०० मीटरला सगळ्यांच्या पुढे, पण १००० मीटरला शेवटच्या दीड लॅपमध्ये मांड्या भरून येतात, कंबर वर येते आणि मागची मुलं पुढे निघून जातात. सर म्हणतात, स्टॅमिना कमी आहे, रोज पहाटे गोल्फ क्लबला पळवा. आमच्या मुलीच्या वेळी डिट्टो हेच चाललं होतं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, कोच नाही. रिंकच्या कठड्यावर वर्षानुवर्षं बसलेली आई, एवढंच. चाकं, बेअरिंग वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही.

सुरुवातीची आठ-दहा सेकंदं स्नायू मुख्यतः स्वतःजवळच्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ऊर्जेच्या छोट्या साठ्यावर चालतात. मग ऑक्सिजनशिवाय ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) फोडण्यावर भार येतो आणि त्यातून तयार होणारं लॅक्टेट रक्तात चढत जातं. ५०० मीटर यात निभावून जातं. १००० चं गणित वेगळं. आपल्या भारताच्या आनंदकुमार वेलकुमारने २०२५ च्या स्पीड स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण घेतलं ते १ मिनिट २४.९२ सेकंदांत. एवढा वेळ पूर्ण जोर लावायचा तर जवळपास निम्मी ऊर्जा ऑक्सिजनवरच येते. म्हणजे स्टॅमिना लागतोच. पण स्केटर खाली बसून खेळतो. गुडघे वाकलेले, मांड्या सतत ताणलेल्या, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा दबतो आणि ऑक्सिजन असूनही स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नाही. ताठ उभं राहून पळताना हे होतच नाही, मग नुसतं पळून ते सुधारणार कसं?

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं एका तपासणी केंद्राने. नाव घेत नाही. कोणीतरी लॅक्टेट तपासायला सांगितलं होतं. केंद्राने सकाळी उपाशीपोटी बोलावलं. मुलगी खुर्चीत जांभया देत बसलेली, तशीच दंडाला पट्टा बांधून रक्त घेतलं. मी विचारलं, आधी काही व्यायाम करून घेणार नाही का? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, फॉर्मवर फास्टिंग लिहिलंय." रिपोर्ट आला नॉर्मल. येणारच! बसल्या जागी लॅक्टेट एक-दोन मिलिमोलच असतं. पूर्ण ताकदीच्या शर्यतीनंतर ते कितीतरी पट होतं, आणि रक्तात सर्वांत जास्त दिसतं ते शर्यत संपल्यावर साधारण तीन ते आठ मिनिटांनी. पण तो कागद बघून तेव्हाच्या क्लबात ठरलं की लॅक्टेट बनतच नाही, म्हणजे पोरगी जीव लावत नाही. अख्खा सीझन तिने हा टोमणा ऐकला. केंद्रात पुन्हा जाऊन भांडले, तर उत्तर मिळालं, "रिपोर्टमध्ये चूक काय आहे?" आता यावर काय बोलणार.

तेव्हा टेस्टच्या भानगडीत पडू नका. माझ्या मते दोनच गोष्टी बघा. एक, ड्राय लँडवर (स्केट्स न घालता केलेल्या सरावात) आणि रिंकवर खाली बसलेल्या पोझिशनमध्ये घालवलेला वेळ. दोन, एका स्प्रिंटनंतर दुसरी सुरू होईपर्यंतची विश्रांती. वर सांगितलेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा बराचसा भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. एका बॅचला चाळीस मुलं कोंबली की ती मिनिटं कोण देणार? पन्नास सेकंदांत पुन्हा शिटी वाजते, आणि त्याला स्पीड वर्क म्हणतात! सरांशी बोला, पण गोडीने, नाहीतर राग मुलावर निघतो.

आणखी एक. वयात येण्याआधी मुलांची ही ऑक्सिजनशिवायची ताकद मोठ्यांपेक्षा कमीच असते. सोळा वर्षांच्या मुलाशी तुलना करू नका. तुम्ही विचारलं होतं की मांड्या भरू नयेत म्हणून खायचा सोडा द्यावा का; मोठे खेळाडू तो घेतात हे खरं, पण त्याने पोट बिघडतं. लहान मुलाला मी तरी देणार नाही. शर्यत संपली की लगेच बसू देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं हळू फिरू दे, लॅक्टेट लवकर उतरतं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं मात्र लॅक्टेटमुळे नसतं, कोणी काहीही सांगो.

पुढच्या शर्यतीला बाजूने, गुडघ्याचा कोन दिसेल असा व्हिडिओ काढा. नेमका कुठल्या वळणावर तो वर उठतो ते कळलं की पुढचं बोलता येईल. इथे टाकलात तर चेहरा नको, पाय दिसले तरी पुरे.