असुरक्षित रोजगाराचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. ‘असुरक्षित आणि तात्पुरते काम ही खरोखरच वाढती सामाजिक समस्या आहे का?’ असा प्रश्न तू शीर्षकात विचारला आहेस आणि पहिल्याच परिच्छेदात त्याला ठाम होकारही देऊन टाकला आहेस. तो होकार चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र असे काम वाढत आहे हा एक दावा आहे आणि ते समाजाला घातक आहे हा दुसरा. दोहोंना लागणारा पुरावा वेगळा आहे. तुझी मांडणी अशी आहे की पहिला दावा कोणी खोडून काढला, तर दुसराही आपोआप निकालात निघेल, आणि मला तीच काळजी वाटते.

वाढीविषयी सरसकट बोलणाऱ्याला पहिली ठेच अमेरिकेच्या आकडेवारीत लागते. तेथे एकाच मालकाकडे सलग झालेल्या नोकरीचा मध्यक कालावधी (निम्म्या नोकरदारांचा याहून कमी, निम्म्यांचा याहून जास्त) १९८३ मध्ये ३.५ वर्षे होता आणि २०१४ मध्ये ४.६ वर्षे. म्हणजे नोकऱ्या टिकत नाहीत अशी ओरड ज्या काळात सर्वाधिक झाली, त्याच काळात हा आकडा वर गेला होता. एवढे वाचून थांबणारा मनुष्य म्हणेल की समस्या काल्पनिक आहे. पण तोच आकडा उलगडून पाहा. ४५ ते ५४ वयोगटातील पुरुषांचा कालावधी या काळात १२ वर्षांहून अधिक होता तो ९ वर्षांच्या खाली आला. दुसरीकडे स्त्रिया नोकरीत पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकू लागल्या आणि कामगारवर्गाचे वयही वाढले, त्यामुळे एकंदर मध्यकात ही घट दिसेनाशी झाली. तेव्हा कोणाचा अनुभव कोणत्या आकड्याखाली दबला आहे, हे आधी शोधावे आणि मगच निष्कर्षाकडे वळावे.

उलट दिशेची घाईही तितकीच महागात पडते. लॉरेन्स कॅट्झ आणि ॲलन क्रूगर या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१६ साली असे मांडले की कंत्राटी, एजन्सीमार्फत, बोलावले तेव्हा किंवा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण २००५ मधील सुमारे १० टक्क्यांवरून २०१५ मध्ये सुमारे १६ टक्क्यांवर गेले आहे. हा आकडा जगभर फिरला. पुढे २०१७ ची सरकारी पाहणी आली, तेव्हा प्रमाण पुन्हा १० टक्क्यांच्या आसपासच निघाले. २०१९ मध्ये या दोघांनी स्वतःच्या निष्कर्षाची पुन्हा तपासणी केली आणि खरी वाढ एक ते दोन टक्केबिंदूंचीच असावी असे जाहीरपणे लिहिले. या क्षेत्रात त्यांच्याइतका प्रामाणिकपणा मी क्वचितच पाहिला आहे, आणि तुझ्या हातूनही तो घडावा अशी माझी इच्छा आहे.

ब्रिटनमधील ‘शून्य तासांचे करार’ हेही असेच अवघड उदाहरण आहे. या करारात मालक ठरावीक तासांच्या कामाची हमी देत नाही. गरज पडेल तेव्हा बोलावतो. २०१२ मध्ये असे काम करणाऱ्यांची नोंदलेली संख्या अडीच लाखांच्या आसपास होती आणि दहाएक वर्षांत ती दहा लाखांच्या पुढे गेली. त्यातील काही वाढ खरी, तर काही केवळ वृत्तपत्रांतील चर्चेमुळे लोकांना आपल्या कराराचे नाव कळल्यामुळे झालेली आहे, असा इशारा तेथील सांख्यिकी कार्यालयानेच दिला होता. शिवाय एवढी वाढ होऊनही हे प्रमाण एकूण कामगारांच्या तीनचार टक्क्यांपलीकडे गेलेले नाही.

मग वाढ झालीच नाही का? काही देशांत ती निर्विवाद झाली, आणि तेथे ती कशामुळे झाली हे पाहणे मला सर्वांत बोधप्रद वाटते. जपानमध्ये १९९० च्या सुमारास पाचातला एक नोकरदार अनियमित स्वरूपाच्या, म्हणजे अर्धवेळ, मुदतीच्या किंवा एजन्सीमार्फतच्या, कामावर होता; पुढे हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक झाले. एजन्सीमार्फत कामगार पुरवण्यावरची बंधने १९९९ मध्ये सैल झाली आणि २००४ पासून कारखान्यांतही असे कामगार घेता येऊ लागले. २००८ च्या अखेरीस मंदी आली, तेव्हा या कामगारांचे करार सर्वांत आधी संपवले गेले आणि अनेकांच्या हातून नोकरीबरोबर कंपनीच्या वसतिगृहातील खोलीही गेली. त्या वर्षअखेरीस तोक्योच्या हिबिया उद्यानात, सरकारी मंत्रालयांच्या अगदी शेजारी, स्वयंसेवकांनी तंबू उभारले आणि सुमारे ५०० माणसे तेथे आश्रयाला आली. काही आठवड्यांपूर्वी ही माणसे मोठमोठ्या कारखान्यांत काम करत होती. तात्पुरत्या करारातली तात्पुरती गोष्ट केवळ नोकरी नसते, हे त्या तंबूंनी साऱ्या देशाला दाखवले.

स्पेनची कथा याहून लांब आहे. बेरोजगारी कमी व्हावी म्हणून १९८४ मध्ये तेथे मुदतीचे करार सोपे करण्यात आले आणि दशकभरात जवळजवळ एक तृतीयांश नोकरदार अशा करारांवर आले. कायम नोकरीतील मनुष्याला काढणे महाग आणि मुदतीच्या कामगाराला सोडून देणे स्वस्त, अशी दोन टोके शेजारी शेजारी ठेवल्यावर प्रत्येक संकटाचा भार कोणावर पडणार हे आधीच ठरलेले होते. २००८ नंतर तसेच झाले. २०२१ च्या अखेरीस कायदा बदलून मुदतीच्या करारांना मर्यादा घातल्या गेल्या आणि सुमारे २५ टक्क्यांवर असलेले प्रमाण दोन वर्षांतच १७ टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यातील काही कामगार ‘कायम पण हंगामी’ अशा वर्गात गेले आहेत, तेव्हा त्यांचे जगणे कितपत बदलले हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल. तरीही तंत्रज्ञान आणि जागतिकीकरण यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही, असे जे तुझ्या दुसऱ्या प्रकरणात आले आहे, ते या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

आणखी एक भाग मला खटकला. पूर्वी सर्वांना स्थिर नोकऱ्या होत्या आणि आता त्या गेल्या, असा सूर तुझ्या लेखनात आहे. लंडनच्या गोदीत १८८९ साली संप झाला, तेव्हाची स्थिती आठव: रोज फाटकाशी माणसांची गर्दी व्हायची, मुकादम त्यातली काही निवडायचा आणि निवडलेल्यालाही तास-दोन तासांत परत पाठवले जाऊ शकत असे. म्हणून संपकऱ्यांच्या मागण्यांत तासाला सहा पेन्सबरोबरच एकदा कामावर घेतले की किमान चार तास काम मिळावे, हीही मागणी होती. गोदी कामगारांची नोंदणी आणि काम नसलेल्या दिवसाचा हजेरीभत्ता यांची देशव्यापी योजना तेथे १९४७ मध्ये आली आणि १९८९ मध्ये ती रद्दही झाली. सुरक्षितता मिळवावी लागली होती आणि मिळवल्यावरही ती टिकेलच असे नव्हते. जगाच्या मोठ्या भागात तर ती कधी आलीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील दोन अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, अनौपचारिक रोजगारात (कायद्याचे किंवा सामाजिक सुरक्षेचे संरक्षण नसलेल्या कामात) होते. या लोकांच्या बाबतीत ‘वाढ’ हा शब्दच गैरलागू आहे, पण म्हणून त्यांची समस्या लहान ठरत नाही. आलेख सपाट असला तरी त्याखालचे दुःख सपाट नसते, आणि तुझ्या प्रबंधाचा कणा येथे असायला हवा असे मला मनापासून वाटते.

मुख्य प्रश्न जोखमीचा आहे. मागणी कमी झाली, यंत्र बंद पडले, हंगाम संपला, तर त्या दिवसाचे नुकसान कोण सोसणार? एका कामगार स्त्रीची कल्पना कर. तिच्या कराराची मुदत संपते, काही दिवसांचा ‘ब्रेक’ मिळतो आणि त्याच टेबलावर, त्याच कामासाठी तिच्यापुढे नवा करार ठेवला जातो. काम वर्षानुवर्षे चालू आहे, कागदावर मात्र ती नेहमीच नवी आहे. सेवाज्येष्ठता नाही, भरपगारी रजा नाही, आणि कर्जाच्या अर्जातील ‘नोकरीचे स्वरूप’ या रकान्यापाशी तिचा हात थबकतो. पाळीचा तक्ता ऐनवेळी कळतो, म्हणून मुलाला सांभाळण्याची सोय आधी ठरवता येत नाही. मुकादमाने अपमान केला तरी ती गप्प बसते, कारण तिला काढण्याची गरजच नसते. पुढचा करार केला नाही म्हणजे झाले. नोकरी जाण्याची दीर्घकाळची धास्ती मानसिक आरोग्याला बेरोजगारीइतकीच घातक ठरू शकते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मला त्यापेक्षाही हे मौन गंभीर वाटते, कारण ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्यावरील अन्याय कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

सर्वच तात्पुरते काम वाईट नसते, हेही मोकळेपणाने लिही. शिकता शिकता काम करणारे, आणि आपल्या कौशल्याची किंमत स्वतः ठरवू शकणारे सल्लागार हे करार खुशीने करतात. डेन्मार्कमध्ये कामगाराला काढणे तुलनेने सोपे आहे, पण तेथे बेरोजगारी भत्ता आणि पुनर्प्रशिक्षण यांची व्यवस्था भक्कम असल्यामुळे नोकरी जाणे आणि उद्ध्वस्त होणे या दोन गोष्टी वेगळ्या राहतात.

आता प्रश्नावलीविषयी. ‘तुमचे काम कायम आहे की तात्पुरते?’ हा तुझा तिसरा प्रश्न काढून टाक. त्याच्या उत्तरातून कराराचे नाव कळेल, बाकी काही नाही. त्याऐवजी विचार, की पुढच्या महिन्यात किती दिवस काम मिळेल हे आज सांगता येते का. ठरलेली पाळी रद्द झाली तर किती आधी कळते आणि त्या दिवसाचे पैसे मिळतात का. आजारी पडल्यावर पगाराचे काय होते. आणि गेल्या वर्षभरात एखादी तक्रार करावीशी वाटूनही केली नाही, असे घडले का. शेवटचा प्रश्न मुकादम किंवा मालक जवळपास असताना कधीही विचारू नकोस आणि उत्तरापुढे नाव लिहू नकोस. बदललेली प्रश्नावली पाठव. मुलाखती सुरू करण्याआधी तिच्यावर एकदा सविस्तर बोलू.

कळावे,
तुझा मार्गदर्शक